गोळी चालू आहे आणि बाहेर कडक ऊन आहे: लाइमच्या सीझनमधले तुमचे प्रश्न

जून सुरू झाला की न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया या सगळ्या पट्ट्यातून आपल्या वाचकांचे लाइमबद्दलचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या आजाराबद्दलचे, मेल यायला लागतात, पण यावेळी बरेचसे प्रश्न गोचिडीबद्दल नव्हतेच, उन्हाबद्दल होते. कारण साधं आहे. लाइमवर बहुतेकांना पहिली गोळी मिळते ती डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकची, आणि ती पोटात असताना ऊन लागलं तर त्वचा नेहमीपेक्षा खूप लवकर आणि खूप जास्त भाजते. त्यात इथली ती बारीक, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड सगळ्यात जास्त चावते मे ते जुलैमध्ये, म्हणजे नेमकं ऊन कडक असतं तेव्हाच, त्यामुळे गोळी आणि ऊन यांची गाठ पडणारच. गोळीच्या पाकिटावर छोटा स्टिकर असतो उन्हापासून जपा म्हणून, पण तो कोणी वाचत नाही आणि घाईच्या अर्जंट केअरमध्ये (अपॉइंटमेंटशिवायच्या दवाखान्यात) कोणी नीट समजावून सांगतही नाही, म्हणून आजचं अख्खं सदर यावरच ठेवलंय. मी तुम्हाला तपासलेलं नाही हे लक्षात असू द्या, औषधात बदल करायचा तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न: डॉक्टरताई, नमस्कार. मी कनेक्टिकटला राहते, सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, वय ६७. मागच्या अंगणात आम्ही भाजीचा वाफा केलाय, त्यात त्या दिवसभर रमतात. मेच्या शेवटी त्यांच्या गुडघ्याच्या मागे लालसर चट्टा दिसला, चार दिवसांत तळहाताएवढा झाला. अर्जंट केअरला नेलं, ते म्हणाले लाइम आहे, डॉक्सीसायक्लीन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. पाचव्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर त्यांनी डेकवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, दीड-दोन तास उन्हात होत्या. संध्याकाळी हातांची मागची बाजू, नाक, गाल सगळ्याची आग आग, दुसऱ्या दिवशी हात लालकाळे आणि एक-दोन फोड. त्या म्हणतात आयुष्यभर साताऱ्याच्या उन्हात वाळवणं घातली, इथलं ऊन मला काय करणार, ही गोळीच उष्ण पडली. आता दोन दिवस झाले गोळी घेतच नाहीयेत. भारतातून आणलेली बीपीची गोळीही चालू आहे. मला काही सुचत नाहीये.

उत्तर: आधी सगळ्यात महत्त्वाचं, आजच्या आज डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की कोर्स अर्धा राहिलाय आणि हात भाजलेत. उद्यावर टाकू नका. उन्हाने भाजलेली कातडी दोन आठवड्यांत बरी होईल, पण लाइमचा जंतू अर्ध्या औषधावर अंगात राहिला तर तो पुढे सांध्यात, नसांमध्ये, क्वचित हृदयातही जातो आणि मग १० दिवसांचं काम २८ दिवसांवर जातं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, भाजलं की लोक गोळी बंद करतात, कोणाला सांगत नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये गुडघा सुजवून परत येतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या चुकीचं बोलत नाहीयेत, आणि हे त्यांना जरूर सांगा, कारण आपलं खरं मानलंय असं वाटलं की म्हातारी माणसं पुढचं ऐकतात. गोळीमुळेच झालंय. डॉक्सीसायक्लीन रक्तातून त्वचेत पोचतं, आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, त्यातही यूव्हीए नावाचे, त्या औषधाच्या रेणूंवर पडले की ते रेणू तापल्यासारखे होऊन आजूबाजूच्या पेशींना इजा करतात. साताऱ्याचं ऊन तेच, हातही तेच, पण तेव्हा त्या हातात हे औषध नव्हतं. म्हणून आयुष्यभराचा अनुभव या १० दिवसांना लागू पडत नाही, एवढंच. आणि ही ॲलर्जी नाही हेही समजून घ्या, म्हणजे पुढे प्रत्येक फॉर्मवर 'डॉक्सीची ॲलर्जी' असं लिहून ठेवू नका, नाहीतर उद्या खरी गरज पडेल तेव्हा चांगलं औषध हातचं जाईल. ॲलर्जी म्हणजे अंगभर, झाकलेल्या जागीसुद्धा गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, तसं काही असेल तर सरळ ९११ला, इथल्या इमर्जन्सीच्या नंबरला, फोन.

सावळ्या कातडीला असं होत नाही असंही लोक मला सांगतात. होतं. गोऱ्या लोकांपेक्षा थोडं कमी होत असेल, पण होतं, आणि आपल्याकडे लालपणा कमी दिसतो त्यामुळे उशिरा लक्षात येतं आणि नंतर जो काळेपणा राहतो तो कित्येक महिने जात नाही.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेलच, की हा भाजल्याचा लालपणा आणि लाइमचा चट्टा यातला फरक कसा ओळखायचा. लाइमचा चट्टा बहुतेकदा झाकलेल्या, घडीच्या जागी येतो, गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेला, आणि रोज थोडा थोडा पसरत जातो, पण दुखत किंवा खाजत फारसा नाही. मधोमध फिकट, कडेने लाल असं चक्र सगळ्यांना येतंच असं नाही, आपल्या रंगावर तर तो नुसता निळसर-जांभळट, मार लागल्यासारखाही दिसतो, म्हणून उशीर होतो. तुम्ही चार दिवसांत ओळखलंत हे फार चांगलं झालं. उन्हाचं मात्र उलटं, ते उघड्या जागीच असतं आणि त्याची कड एकदम सरळ असते. सासूबाईंच्या हातात बांगड्या असतील तर बघा, बांगड्यांखालची कातडी ठीक असेल आणि ब्लाउजची बाही जिथे संपते तिथे रेघ ओढल्यासारखा फरक असेल. मी पेशंटच्या हातातलं घड्याळ काढायला सांगते ते याचसाठी.

बीपीच्या गोळीचं पाकीट हातात घेऊन बघा. भारतात बऱ्याच जणांना टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी देतात, नावाच्या शेवटी 'एच' असतो. हे दुसरं औषधही त्वचा उन्हाला हळवी करतं. म्हणजे सासूबाईंच्या अंगात एकाच वेळी दोन औषधं होती आणि वर दीड-दोन तासांचं दुपारचं ऊन. अर्जंट केअरला ही गोळी सांगितली होती का? भारतातून आणलेली औषधं इथल्या कॉम्प्युटरवर दिसत नाहीत, आपण सांगितली नाहीत तर डॉक्टरांना कळायला मार्गच नाही. पण म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नका हं, ती बंद केलेली जास्त महागात पडेल, फक्त फोनवर दोन्ही नावं नीट वाचून दाखवा.

डॉक्टर आता दोनपैकी एक करतील. एकतर डॉक्सीच चालू ठेवतील आणि ऊन पूर्ण टाळायला सांगतील, नाहीतर अमॉक्सिसिलिन देतील, ५०० मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, किंवा सेफ्युरॉक्झिम ५०० दिवसातून दोनदा. पहिल्या टप्प्यातल्या लाइमवर ही दोन्ही औषधं १४ दिवस देतात आणि उपयोगी पडतात, उन्हाचा हा त्रास त्यांनी सहसा होत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आठवणीने सांगा. फोड आलेत आणि वय ६७ आहे, त्यामुळे मी असते तर बदलायच्या बाजूनेच विचार केला असता.

हातांना सध्या गार पाण्याच्या घड्या, दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं, बर्फ नको. वर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. कोरफडीचा गर चालेल, गार वाटतो. फोड फोडायचे नाहीत. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नका, बीपीच्या गोळ्यांसोबत ते किडनीला जड जातं, त्यापेक्षा टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, बरं. आणि हळद, लिंबू, यातलं काही लावू नका. हळदीने खालचा लालपणा झाकला जातो, डॉक्टरला काही दिसत नाही. लिंबू तर नकोच, लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की तो स्वतःच भाजवतो, निरोगी माणसालाही.

राहता राहिल्या पापड्या. त्यांना नाही म्हणू नका, सहा महिने परक्या घरात हेच त्यांचं आपलं काम असतं. ओव्हन अगदी कमीत कमी तापमानाला ठेवून दार किंचित उघडं ठेवलं की पापड्या वाळतात, नाहीतर त्यांनी आत बसून पळी-पळी घालून द्यायच्या आणि ट्रे उन्हात नेऊन ठेवायचं काम तुम्ही किंवा मुलांनी करायचं.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो, लाइमसाठी डॉक्सी चालू होऊन आठवडा झाला. बायकोने सांगितल्यापासून बाहेर फिरणं बंद केलंय, फक्त ऑफिसला जाता-येता गाडीत असतो, एकेक वेळी सव्वा तास. काचा बंद, एसी चालू. तरी डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलाय आणि डावा कान पण. उजवा एकदम ठीक. असं कसं?

उत्तर: कारण काच. काचेत यूव्हीबी किरण अडतात, ज्याने एरवी आपलं अंग उन्हाने लाल होतं, म्हणून आपला समज असा की काचेआड सुरक्षित. पण डॉक्सीला चिडवतात ते यूव्हीए, आणि ते साध्या काचेतून आरामात आत येतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीएच असतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पडदा, ती बहुतेक यूव्हीए अडवते, पण बाजूच्या काचा तशा नसतात, काही गाड्यांच्या चांगल्या, काहींच्या अगदी नावापुरत्या. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणून तुमचा डावा हात आणि डावा कान. भारतात असता तर उजवा भाजला असता.

उपाय सोपा आहे, लांब बाहीचा शर्ट गाडीत ठेवून द्या, मनगटापर्यंत बटणं लावा, आणि कानाला, मानेच्या डाव्या बाजूला, हाताच्या पंजाला सनस्क्रीन. क्रिकेटवाले किंवा बाईकवाले घालतात त्या हातमोज्यासारख्या बाह्या मिळतात त्याही चालतात. काचेला फिल्म लावायची असेल तर आधी राज्याचा नियम बघा, पुढच्या दारांच्या काचांबाबत प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. आणि हाच हिशेब घरातल्या खिडकीचाही आहे, ज्यांचं वर्क फ्रॉम होमचं टेबल खिडकीला लागून आहे त्यांनी कोर्स संपेपर्यंत ते हलवा. ढग आलेत म्हणून ढिलाई नको, पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतोच.

डॉक्टरांना हेही कळवा, भाजणं वाढतंय का यावर औषध बदलायचं की नाही ते ठरवतील. गोळी मात्र चालू ठेवा.

प्रश्न: सनस्क्रीन नक्की कुठलं घ्यायचं? भारतातून आणलेल्या ट्यूबवर पीए आणि पुढे चार प्लस आहेत, इथल्या ट्यूबवर तसं काहीच नाही. आणि इथलं मिनरलवालं लावलं की चेहरा पांढरा फटक दिसतो, ऑफिसला जायला लाज वाटते.

उत्तर: पीए हे यूव्हीए अडवण्याचं माप आहे, मुळात जपानचं, जितके प्लस जास्त तितकं चांगलं. अमेरिकेत ते छापत नाहीत, इथे 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे दोन शब्द बघायचे. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, म्हणून नुसतं ५० बघून घेतलं आणि ब्रॉड स्पेक्ट्रम नसलं तर डॉक्सीवाल्या माणसाला त्याचा काही भरवसा नाही. तुमची चार प्लसवाली ट्यूब एक्स्पायर झालेली नसेल आणि उन्हाळ्यात गाडीत पडून तापलेली नसेल तर खुशाल वापरा.

मिनरलमध्ये झिंक ऑक्साइड असेल ते यूव्हीएसाठी चांगलं. पांढरा थर आपल्या रंगावर दिसतो हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपल्या रंगाचा विचारच केला नाही. टिंटेड म्हणून मिळतं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते घ्या, थर दिसत नाही आणि नंतर काळे डाग पडू नयेत म्हणूनही त्याचा फायदा होतो.

पण खरी चूक ब्रँडमध्ये नसते, ती प्रमाणात असते. लोक वाटाण्याएवढं घेऊन चेहरा-मान-कान सगळीकडे पुरवतात. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ काढा, तेवढं फक्त चेहरा आणि मानेला. दर दोन तासांनी परत, घाम आला तर आधीच. कान, ओठ, पायांची बोटं आणि टक्कल किंवा भांग विसरू नका, चपला घालून भाजीबाजारात गेलेल्यांच्या पायावर पट्ट्यांची नक्षी उमटलेली मी पाहिली आहे.

तरीही सनस्क्रीन दुसऱ्या नंबरवर ठेवा, पहिला नंबर कपड्यांचा. पातळ पांढरा सुती टी-शर्ट फारसं अडवत नाही, त्याचा यूपीएफ, म्हणजे कपडा ऊन किती अडवतो त्याचं माप, ५ ते ७च्या आसपास असतो, भिजला की आणखी कमी. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा किंवा यूपीएफ ५० लिहिलेला शर्ट घ्या. इथे एक पेच आहे, गोचीड दिसावी म्हणून आम्हीच सांगतो फिकट कपडे घाला. म्हणून यूपीएफवाले शर्ट फिकट रंगात घ्यायचे, ते विणीनेच अडवतात, रंग कुठलाही असो. लांब पँट मोज्यात खोचली की ऊनही लागत नाही आणि गोचीडही चढत नाही. टोपी चारही बाजूंनी कडा असलेली, बेसबॉलची नको, तिने कान आणि मान उघडीच राहतात.

प्रश्न: लाइममुळे गुडघा सुजला होता, २८ दिवस डॉक्सी दिलं. आता तिसरा आठवडा आहे. ऊन फार घेतलं नाही पण संध्याकाळी टेनिस खेळतो. दोन दिवसांपासून तीन-चार बोटांची नखं पुढून पांढरट-पिवळी दिसतायत, उचलल्यासारखी, आणि हात लावला की दुखतंय. फंगस असेल का?

उत्तर: फंगस एकाच वेळी चार बोटांना दोन दिवसांत येत नाही. डॉक्सीमुळे ऊन लागून नख खालच्या मांसापासून सुटतं, त्याला फोटो-ओनायकोलायसिस म्हणतात, आणि ते त्वचा न भाजताही होऊ शकतं, म्हणून लोकांना उन्हाशी संबंध लागत नाही. सहसा दोन-तीन आठवडे औषध झाल्यावर दिसतं, म्हणजे तुमचं वेळापत्रक बरोबर जुळतंय. अंगठ्याचं नख बरेचदा वाचतं, कारण मूठ वळली की ते आत जातं, तुमचं बघा. आणि संध्याकाळचं ऊन सौम्य वाटतं ते यूव्हीबी उतरल्यामुळे, यूव्हीए दिवसभर बऱ्यापैकी टिकून असतं, जूनमध्ये संध्याकाळी सहालाही.

नखं बारीक कापा, ओढून काढू नका, भांडी घासताना ग्लोव्ह्ज घाला, आणि टेनिस कोर्स संपेपर्यंत इनडोअर कोर्टवर. गडद नेलपॉलिशनेही ऊन अडतं, तुम्हाला चालत असेल तर संकोच करू नका. डॉक्टरांना फोटो पाठवा, गुडघ्यासाठीसुद्धा औषध बदलून देता येतं. नखं परत येतात, पण बोटाचं नख पूर्ण वाढायला चार-सहा महिने लागतात, तेवढा धीर धरा.

प्रश्न: माझी आई म्हणते कोवळं ऊन घेतल्याशिवाय व्हिटॅमिन डी कसं मिळणार, सांधे दुखतायत तर ऊन जास्त घ्यायला पाहिजे. ती मला सकाळी डेकवर सूर्यनमस्कार घालायला लावते आणि रात्री गोळी हळदीच्या दुधाबरोबर देते. वय ३४, लाइमचा ६वा दिवस.

उत्तर: आईच्या मायेला नाही म्हणणं अवघड असतं हे मला माहीत आहे, माझीही आई होती. पण १०-१४ दिवस ऊन घेतलं नाही म्हणून अंगातला डीचा साठा संपत नाही, आणि कमी असेलच तर थेंब-गोळ्या आहेत. लाइमचे सांधे उन्हाने बरे होत नाहीत, ते या गोळीनेच बरे होतात. सूर्यनमस्कार घरात घाला, खिडकीपासून लांब. कोवळं म्हणजे सातच्या आतलं ऊन, त्याने फार नुकसान होईल असं नाही, पण इथे जूनमध्ये साडेपाचलाच उजाडतं, त्यामुळे 'सकाळचं' म्हणत नऊ वाजेपर्यंत बसणं कधी होऊन जातं ते कळत नाही. एवढे दिवस सोडूनच द्या.

हळदीच्या दुधाचं मात्र थांबवा. दुधाने डॉक्सी थोडं कमी शोषलं जातं, आणि कॅल्शियम, आयर्न, अँटासिड यांनी बरंच कमी, त्यांच्यात आणि गोळीत दोन-तीन तासांचं अंतर हवं. त्याहून वाईट म्हणजे ती झोपताना घेणं. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, छातीत असं जळतं की लोक हार्ट अटॅक समजून इमर्जन्सीला जातात. मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. पोटात मळमळलं तर दोन घास पोळी किंवा भाताबरोबर घ्या. दूध दुपारी प्या, आईला समाधान.

वाटल्यास एवढंच बघा, घरात त्वचेच्या डागांसाठी बावचीचं तेल वगैरे काही लावत असाल तर तेही बंद ठेवा, बावची स्वतःच उन्हात त्वचा भाजवते.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना दहा दिवसांपूर्वी गोचीड सापडली होती, डॉक्टरकडे गेलो नाही, औषध काही चालू नाही. काल रात्रीपासून खूप डोकं दुखतंय, मान वळवताना दुखते आणि उजेड अजिबात सहन होत नाही, पडदे लावून झोपलेत. ही पण उन्हाची ॲलर्जीच का? सनग्लासेस घेऊन देऊ का?

उत्तर: या वाचक ताईंना मी मेल मिळाल्याबरोबर उत्तर पाठवलं, इथे छापते ते बाकीच्यांसाठी. ही उन्हाची ॲलर्जी नाही. कातडीला ऊन न सोसणं वेगळं आणि डोळ्यांना उजेड न सोसणं वेगळं. डोकं, मान आणि उजेड हे तिन्ही एकत्र असेल तर मेंदूवरच्या आवरणाला सूज आलेली असू शकते, लाइमने किंवा दुसऱ्या कशाने, आणि त्यासाठी थेट इमर्जन्सीलाच जायचं, सकाळची वाट बघायची नाही. गोचीड सापडली होती हे पहिल्या वाक्यात सांगायचं. डॉक्सी चालू असलेल्यांनाही हे लागू आहे, क्वचित या गोळीनेच डोक्यातला दाब वाढून डोकं दुखतं, नजर अंधुक होते, एकाचे दोन दिसतात. चेहऱ्याची एक बाजू एकदम लुळी पडली, डोळा मिटेना, तरी लगेच जा, आणि तोपर्यंत त्या डोळ्यात धूळ-ऊन जाऊ देऊ नका.

घरच्यांनी टिपलेल्या बारीकसारीक गोष्टी सांगायला कचरू नका. हा आजार जगाला कळला तोच मुळी कनेक्टिकटच्या लाइम भागातल्या पॉली मरी नावाच्या एका आईमुळे, तिने आपल्या घरातली आणि आजूबाजूच्या मुलांची सांधेदुखी, चट्टे, तारखा वर्षानुवर्षं लिहून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी तिला मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं, तरी १९७५मध्ये तिने राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला आणि मग येल विद्यापीठाचे डॉक्टर ॲलन स्टीअर तपासायला आले. जंतू सापडला त्यानंतर, विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना, १९८१च्या सुमारास. म्हणजे आधी वही होती, मायक्रोस्कोप मागून आला.

प्रश्न: मी पुण्याला असते, मुलगा बॉस्टनला शिकतो. त्याला काल गोचीड लागली, काढून टाकली. इथे आमच्याकडे डॉक्सीच्या गोळ्या आहेत, मागच्या पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर मिस्टरांना लेप्टोसाठी दिल्या होत्या. त्याच पाठवू का?

उत्तर: पाठवू नका, पोचेपर्यंत वेळ निघून जाईल. तिथे काही वेळा २०० मिलीग्रॅमचा एकच डोस देतात, पण गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत, आणि ती काळ्या पायांची हरणावरची गोचीड असेल, ३६ तास किंवा जास्त चिकटलेली असेल तरच. त्याला म्हणावं गोचीड टाकून दिली नसेल तर डबीत ठेव, कॉलेजच्या हेल्थ सेंटरला आजच जा. डोस मिळाला तर दोन-तीन दिवस ऊन टाळायचं. पुढचा महिनाभर चट्टा येतोय का बघायचं, पाठीवर दुसऱ्याला बघायला सांगायचं. आणि मिस्टरांना मुंबईत ही गोळी देताना उन्हाचं कोणी सांगितलं होतं का? पावसाळ्यात मध्येच कडक ऊन पडतं, नियम तोच.

प्रश्न: माझा कोर्स १४ जूनला रात्री संपतोय. १५ला आमच्या ग्रुपची जर्सी शोअरला पिकनिक आहे, सगळं बुक झालंय. गोळी संपली म्हणजे मोकळा ना मी?

उत्तर: नाही हो. हे औषध अंगातून हळूहळू जातं, अर्धं निघायला १६ ते २२ तास लागतात, मग उरलेल्याचं अर्धं, असं करत चार-पाच दिवस जातात. १५ला त्वचेत ते भरपूर असेल, आणि बीचवर वरून ऊन, खालून वाळूचं परावर्तन, पाण्यात सनस्क्रीन धुतलं जाणार. ग्रुपला सांगून २०च्या पुढची तारीख मिळते का बघा. मिळालीच नाही तर जा, पण लांब बाहीचा स्विमशर्ट, मोठी टोपी, छत्री, आणि दुपारी अकरा ते चार बोर्डवॉकवरच्या एखाद्या दुकानात, खिडकीपासून लांबच्या टेबलावर बसा.